मांडायचे आणि उचलायचे रूळ

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ग्रील आणि शटरं करतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, आत वेल्डिंगचं मशीन, कापायचं मशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं लोखंड. ठिणग्यांनी शर्टाला इतकी भोकं, की शेजारचा शिंपी विचारतो, नवा शर्ट शिवताना भोकं मीच पाडून देत जाऊ का? बोलणं अगदी बेताचं. गिऱ्हाइकाने "कधी देणार?" म्हटलं की "होईल" म्हणतात, आणि ते होतं. एवढ्या एका शब्दावर त्यांनी धंदा केला आणि संसारही केला.

त्यांची बायको बरोबर उलटी. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने हात टेकावेत. ती लग्न होऊन आली तेव्हा मी थोरली झाले आणि ती धाकटी. पुढे घरात आणखी सून आलीच नाही, सासू-सासरे गेले, तिची पन्नाशी उलटली, तरी ती आपली धाकटीच. त्या दोघांना मूल झालं नाही. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक त्यांचं, दिवसभर दोन्ही सताड उघडी. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, कारण भांडण झालं की ती आधी हसायची, आणि मग मला एकटीला फुगून बसायचा कंटाळा यायचा.

रुळांचं खूळ घरात शिरलं ते एका खिडकीमुळे. भाऊजी कुणाकडे तरी ग्रील बसवायला गेले होते. घरातले म्हातारे गृहस्थ नुकतेच वारले होते आणि त्यांची मुलगी सामान आवरत होती. कोपऱ्यात रेल्वेचं एक इंजिन, गुडघ्याएवढ्या उंचीचं, त्या गृहस्थांनी स्वतः घडवलेलं. दिसायला वाफेचं, पोटात मात्र मोटर आणि बॅटरी. पण खेळणं नव्हे. मागे डबा जोडला तर त्यावर मोठं माणूस बसेल असं दणकट. मुलगी म्हणाली, "हे कुणी न्यायला तयार नाही हो. तुम्ही नेता का?" भाऊजींनी ग्रील बसवलं आणि येताना इंजिन टेंपोत घालून आणलं.

दुकानात ते उतरवलं तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. आमच्या यांनी चारी बाजूंनी निरखून विचारलं, "हे चालवणार कशावर?" मुद्दा बिनतोड होता. इंजिनाबरोबर रूळ आलेच नव्हते. त्या गृहस्थांनी जन्मभर ते टेबलावरच्या हातभर पट्टीवर पुढे-मागे केलं होतं म्हणे.

धाकटी म्हणाली, "लग्न झाल्यापासून मला फिरायला नेतो म्हणताय. दुकान बंद ठेवता येत नाही ही तुमची सबब. आता गाडीच दुकानात आलीय, आता काय सांगाल?"

"रूळ नाहीत," भाऊजी म्हणाले.

"मग करा. गेटं करता तसे रूळ करा. पहिली मी बसणार, सांगून ठेवते."

भाऊजी म्हणाले, "होईल."

पण घोडं अडलं जागेवर. इंजिन फिरायचं तर मैदान हवं, आणि आमच्याकडे होतं इमारतीचं आवार, तेही गाड्यांनी भरलेलं. भाऊजी सेक्रेटरींकडे जाऊन उभे राहिले. तो माणूस तसा तिरसट, पण त्याच्या गॅलरीचं ग्रील भाऊजींनीच केलेलं. तो म्हणाला, रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढायला सांगतो, दुपारी मात्र आवार मला होतं तसं पाहिजे, जमिनीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. म्हणजे रूळ असे हवेत की सकाळी मांडायचे आणि दुपारी उचलून दुकानात नेऊन भिंतीला उभे करायचे. भाऊजींना ही अट आवडलीच असावी. गेट तरी काय, दुकानात करायचं आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवायचं.

त्यांनी पुरुषभर लांबीचे तुकडे करायचे ठरवले. खाली आडव्या पट्ट्या, वर दोन रूळ, मध्ये वीतभर अंतर. पहिला तुकडा भरीव लोखंडाचा केला आणि तो उचलायला दोन माणसं लागली. धाकटी म्हणाली, "हा पुरात वाहून जाणार नाही हे नक्की." तो मोडीत काढला. मग पातळ पट्टी घेतली, ती आडवी न ठेवता धारेवर उभी केली. उभी पट्टी वजन पेलते आणि उचलायला हलकी. गोलाईचे तुकडे वाकवायला दुकानातल्या जमिनीवर खुंट्या ठोकून साचा केला. दोन तुकडे जोडायला बाजूने पट्टी आणि बोल्ट, आणि सांध्यात नखाएवढी फट, कारण उन्हात लोखंड वाढतं. हे सगळं ते मला सांगत नव्हते. धाकटीला सांगायचे, ती मला सांगायची, आणि मी ऐकायची कारण गॅसवर दूध असायचं आणि जाता येत नव्हतं.

तिसरा तुकडा झाला तेव्हा धाकटीचं पोट दुखायला लागलं.

हॉस्पिटलात तिच्याबरोबर मी गेले. भाऊजींना तिथल्या वासाने घेरी येते; वडिलांच्या वेळी ते जिन्यातच आडवे झाले होते. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हा दोघींना बसवून सांगितलं. आता औषध दुखणं कमी करायला, बरं व्हायला नाही. पुढचं वर्ष ती बघणार नव्हती. आणि ती पर्समधून रुमाल काढून माझ्याच हातात देत होती.

परतताना ती म्हणाली, "ताई, यांना सांगायचं नाही."

"अगं, नवरा आहे तुझा."

"म्हणूनच. कळलं तर दुकानाला कुलूप लावतील आणि माझ्या उशाशी येऊन बसतील. बोलणार तर नाहीतच. नुसते बघत राहतील. मला ते नकोय. त्यांच्या हाताला काम असलं की माणूस किती छान दिसतो, तुम्ही बघितलंय ना? मला तसेच दिसू देत."

तिने घरी येऊन सांगितलं, पोटातली जुनी सूज आहे, बरी व्हायला वेळ लागेल. भाऊजींनी मान हलवली. मी मूग गिळून बसले. मला आजही त्याचं काही वाटत नाही. मरण तिचं होतं, ते कुणाला सांगायचं हे तिने ठरवायचं.

त्यानंतर रुळांना वेग आला. प्रत्येक तुकडा झाला की भाऊजी तो खांद्यावर टाकून दोन मजले चढून यायचे आणि तिच्या पलंगासमोर फरशीवर ठेवायचे. ती उशीला टेकून बसायची. तुकडा येणार म्हणून आधी मी तिचे केस विंचरायचे, दोन स्वेटर चढवायचे, वरून शाल. उन्हाळ्याचे दिवस, पण ती म्हणायची, सूज आहे ना, थंडी वाजते. पायांवर नेहमी पांघरूण. ती हात पुढे करून रुळाच्या कडेवरून बोट फिरवायची आणि काहीतरी खोट काढायची. "हा डावीकडचा जरा रुसलाय." भाऊजी खरंच गुण्या लावून बघायचे. तिचं अंघोळ-पाणी, कपडे, उठवणं-बसवणं माझ्याकडे. भाऊजी हात लावायला आले तर ती म्हणायची, तुमच्या हातांना ग्रीसचा वास येतो, लांब व्हा. रात्री घोरता म्हणून त्यांना बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवलं. ते बिचारे गेले.

मला कधी कधी संताप यायचा. या माणसाला पट्टीतला सुताएवढा बाक दिसतो आणि बायकोचे गाल दिसत नाहीत? पण मग वाटायचं, दिसत असतील. कुठेतरी दिसत असतील, आणि ते घाईघाईने दुसऱ्या तुकड्याकडे वळत असतील.

सगळे तुकडे झाल्यावर त्यांनी एका रविवारी आवारात गोल मांडून बघितला, आणि शेवटचा सांधा दोन बोटांनी उघडा राहिला. प्रत्येक तुकड्यात केसाएवढी चूक, ती साठत साठत दोन बोटं झाली. आमचे हे म्हणाले, "गाडीला तेवढी उडी मारायला शिकव." भाऊजी चिडले नाहीत. नुसता त्या भोकाच्या मापाचा एक खास तुकडा केला. त्याला धाकटीने नाव ठेवलं 'जावई', कारण तो मध्ये घुसला की सगळे सरकून त्याला जागा देतात.

मग डबा. धाकटीला टेकून बसता यावं म्हणून त्यांनी डब्यावर पाठीची खुर्ची केली, हातांना कठडे केले, खाली चार स्प्रिंगा घातल्या. आमचं आवार सपाट नाही, नाल्याकडे उतरतं. रुळांखाली लाकडी पाचरी मारूनही कुठे जरासा पीळ राहतोच. स्प्रिंगा वजनाखाली नीट बसल्या तरच चारही चाकं रुळाला धरून चालतात. स्प्रिंग कडक झाली तर एखादं चाक अधांतरी राहतं आणि डबा उतरतो. तेव्हा किती कडक स्प्रिंग घालायची हे ठरवायला त्यांना वजन हवं होतं.

ते दारात उभे राहून म्हणाले, "तुझं वजन किती?"

"बायकांना असं विचारतात?"

"स्प्रिंगांसाठी."

मी तिची वेणी घालत होते. माझा हात थांबला. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या काट्यावर ती चढली तेव्हा मी शेजारी उभी होते.

"पासष्ट," धाकटी म्हणाली. "लिहून घ्या, पुन्हा विचाराल तर सत्तर सांगेन."

भाऊजी गेले. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "असं बघू नका ताई. होते ना मी पासष्ट? खोटं कुठे बोलले?"

भाऊजींनी पिशव्यांत वाळू भरली, दहा-दहा किलोच्या सहा आणि एक निम्मी. पासष्ट किलो वाळू त्या खुर्चीवर बसवली आणि पुढच्या रविवारी गोलात फिरवली. गाडी अशी चालली की खिडकीतून बघताना माझ्याच अंगावर शहारा आला. खडखड नाही, हिसका नाही. पलंगावरून धाकटीने विचारलं, "मी कशी दिसतेय ताई?" वाळूच्या पिशव्यांना तिची शालही गुंडाळली होती भाऊजींनी. मी म्हटलं, "शोभतेयस." आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने तोंड पुसलं.

तिला बसवायचा रविवार आला. सकाळी गाड्या बाहेर गेल्या, भाऊजींनी दुकानातल्या दोघा कारागिरांना घेऊन रूळ मांडले, पाचरी ठोकल्या, एकेका तुकड्यावर पातळी मोजायची पट्टी ठेवून तिच्यातला बुडबुडा मध्यावर आणला. गॅलऱ्यांत लोक उभे होते. आमच्या यांच्या हातात कुणीतरी हिरवा टॉवेल दिला होता, झेंडा म्हणून. कारागिरांनी धाकटीला लाकडी खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. उचलताना त्यातल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं, ते मी पाहिलं. भाऊजी तेव्हा खाली बोल्ट आवळत होते.

तिला डब्यावर बसवलं. दोन स्वेटर, शाल, कपाळावर मोठी टिकली. भाऊजी तिच्याकडे पाठ करून पुढे इंजिनावरच्या फळीवर बसले. आमच्या यांनी टॉवेल हलवला. गाडी निघाली आणि पहिल्याच गोलाईवर डबा खट्‌ करून उतरला.

धाकटी पडली नाही, कठड्याला धरून होती. "स्टेशन आलं का?" ती म्हणाली. लोक हसले.

भाऊजींनी डबा पुन्हा रुळावर चढवला. पाचर बघितली, सांधा बघितला, बोल्ट बघितले. पुन्हा निघाले. पुन्हा तिथेच उतरला.

"रूळ वाकडा असेल रे," आमचे हे म्हणाले.

"रूळ बरोबर आहे."

भाऊजी गुडघे टेकून जमिनीला गाल लावून डब्याखाली बघायला लागले. मी त्यांच्या मागेच उभी होते, त्यामुळे मलाही दिसलं. चारही स्प्रिंगा ताठ उभ्या होत्या. डब्यावर कुणी बसलेलंच नाही अशा.

त्यांनी हाताने डबा दाबून बघितला. स्प्रिंगा दबल्या, हात काढल्यावर वर आल्या. मग ते उठले आणि भिंतीशी ठेवलेली वाळूची एक पिशवी घेऊन आले. ती धाकटीच्या पायांशी ठेवली, वाकून बघितलं. दुसरी आणली. ती खुर्चीच्या मागे. वाकून बघितलं.

"अहो, मालगाडी केलीत की काय माझी?" धाकटी म्हणाली. आवाज मात्र तिचा नेहमीचा नव्हता.

ते तिसरी आणायला गेले तेव्हा त्यांची चाल बदलली होती. तीस वर्षं मी त्यांना लोखंड वाहताना पाहतेय, दहा किलोची पिशवी त्यांना कधी जड झाली नाही. ही त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणली. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. स्प्रिंगा बसल्या. अगदी हव्या तितक्याच बसल्या.

ते तिथेच उकिडवे बसून राहिले, पिशवीवर हात ठेवून. मान वर करेनात. गॅलरीतल्या लोकांना काही कळलं नाही, आमच्या यांनाही नाही. ते टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. मला वाटलं आता हे उठून माझ्याकडे बघतील आणि विचारतील, वहिनी, तुम्हाला माहीत होतं? आणि मी काय सांगणार होते? पण ते माझ्याकडे बघत नव्हतेच. त्यांनी पांघरुणावरून धाकटीच्या पायाला हात लावला. नडगीवर. इतक्या महिन्यांत तिने त्यांना तो लावू दिला नव्हता. त्यांचा हात तिथे राहिला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

धाकटी हलकेच म्हणाली, "नेताय ना मला?"

"होईल," ते म्हणाले. तेवढा एक शब्द काढायला त्यांना दोनदा तोंड उघडावं लागलं.

गाडी चालली. ती गोलाई आली आणि गेली, डबा रुळाला चिकटून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने सगळ्या गॅलऱ्यांना हात केला, सेक्रेटरींनाही केला, आणि त्या तिरसट माणसानेही उलट हात केला. भाऊजी एका हाताने मूठ धरून चालवत होते. दुसरा हात त्यांनी मागे केला होता आणि धाकटीने तो आपल्या मांडीवर धरून ठेवला होता. ती सारखी काहीतरी बोलत होती, आम्हाला ऐकू येत नव्हतं. गेटाजवळच्या गोलाईवर भाऊजींचं तोंड आमच्याकडे यायचं. ते रडत होते. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पुसताही येत नव्हतं. तिला त्यांची पाठच दिसत होती. पण तिला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. ती दमेपर्यंत झाल्या.

दुपार झाली. बाहेर लावलेल्या गाड्यांचे मालक फाटकाशी घुटमळायला लागले. एक कारागीर एका बाजूने बोल्ट सोडायला लागला आणि दुसरा लाकडी खुर्ची घेऊन आला.

"खुर्ची नको," भाऊजी म्हणाले.

ते डब्याजवळ वाकले. एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली.

"अहो, काय करताय? लोक बघतायत."

"बघू देत."

"तुमच्या हातांना ग्रीस आहे."

"आहे."

त्यांनी तिला उचललं. उचलताना त्यांनी ताकद लावली होती आणि ती ताकद वाया गेली, कारण धाकटी एकदम वर आली, छातीशी आदळली. क्षणभर भाऊजींचा तोल गेला. ते तसेच उभे राहिले. मग सावकाश जिन्याकडे निघाले. मी शाल घेऊन मागे.

पहिला मजला आला. मग धाकटीने विचारलं, "जड आहे का हो मी?"

लोखंडाचे तुकडे खांद्यावर टाकून हा जिना न थांबता चढणारा माणूस पायरीवर थांबला. भिंतीला पाठ टेकली. मोठा श्वास घेतला.

"आहेस की," भाऊजी म्हणाले. "थांब, जरा दम घेऊ दे."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून खुदकन हसली. आणि ते वरच्या दारापर्यंत आणखी दोनदा थांबले.